शेवटचं 'नै'

एरवी स्वतःचा चहाचा कप उचलून बाजूला न ठेवणारे आमचे साहेब त्या सोमवारी खोका दोन्ही हातांत धरून टेबलाटेबलावरून फिरले. "टाका, टाका, सगळी दोरखंडं टाका यात," असं म्हणत माझ्या टेबलाशी आले आणि माझा इअरफोन त्यांनी चिमटीत धरून वर उचलला, मेलेला उंदीर उचलावा तसा. त्याची डावी वायर मुळाशी तुटायची. आमच्या ह्यांनी तिथे तीनदा डाग दिला होता आणि वरून हिरवा दोरा गुंडाळला होता.

"बाई, हा तर जखमी आहे की!"

"जखमी असला तरी रोज कामावर येतो," मी म्हटलं.

शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट, मी तिला तुडतुडी म्हणते, फिसकन हसली. साहेब हसले नाहीत. इअरफोन खोक्यात गेला.

आमचं काम ऐकण्याचं. कुठल्या कारखान्यात अपघात झाला, कुठल्या दवाखान्यात तक्रार झाली की चौकशी लागते, माणसांचे जबाब रेकॉर्ड होतात, आणि ते ऐकून शब्द न शब्द आम्ही टाइप करतो. मग ज्याचा जबाब तो येतो, वाचतो, सही करतो. आमच्या पायाखाली एक पॅडल असतं. दाबलं की आवाज चालू, उचललं की बंद. ऐकायचं, पाय उचलायचा, टाइप करायचं, पुन्हा दाबायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. मी शिवणकाम सोडून इकडे आले, त्यामुळे पाय तयारच होता. कान हळूहळू झाले. बावीस वर्षांत माझ्या टाइप केलेल्या जबाबात एक चूक निघाली नाही, आणि ही गोष्ट मी येताजाता लोकांना ऐकवत असे. आता नाही ऐकवत.

नवे हेडफोन काळे, गुबगुबीत, बिनवायरचे. कानावर चढवले की खोली नाहीशी. पंखा बंद, रस्ता बंद, तुडतुडी बंद. ती माझ्याएवढीच, पण अजून बोटं अशी चालवते की टेबल हलतं. ती तर हरखूनच गेली. "अगं, सुख आहे सुख! तुझं दिवसभराचं पुटपुटणं एकदम गायब."

"आता रेकॉर्डिंगमधला गोंगाट विसरा," साहेब म्हणाले. "नॉइज कॅन्सल!"

"साहेब, हे खोलीतला गोंगाट घालवतात. रेकॉर्डिंगमधला गोंगाट रेकॉर्डिंगमध्येच राहतो. उलट आता तो मांडीवर येऊन बसलाय."

"महिनाभर वापरा, मग बोला."

वापरले. आवाज गोड होता, हे मी नाकारत नाही. कुणीही बोललं तरी रेडिओवर बातम्या देतोय असं वाटायचं, खर्ज भरलेला, तुपकट. माझ्या दोरावाल्याचा आवाज कोरडा, पत्र्यासारखा. पण पत्र्यावर टाचणी पडली तरी कळते. गादीवर पडली तर बसल्यावरच कळते.

घरी ह्यांना सांगितलं. हे रेडिओ दुरुस्त करायचे. आता दुकान बंद, पण हाताला सवय आहे, घरात काही ना काही उघडून बसलेले असतात. माझं सगळं बोलणं ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "बिनवायरचा आवाज आधी साठवतो, मग सोडतो. तुझ्या कानात येतो तो जरा मागचा असतो."

"किती मागचा?"

"क्षणभर."

"क्षणभराने काय होतंय?"

"मला काय माहीत," हे म्हणाले. "पाय तुझा आहे."

मी जेवण वाढायला उठले. ते वाक्य तिथेच राहिलं.

तिसऱ्या दिवशी बॉयलरवाल्याचा जबाब माझ्याकडे आला. मोठ्या लाँड्रीत तो वाफेचा बॉयलर सांभाळायचा. पाइपचं काम चालू असताना कुणीतरी व्हॉल्व्ह उघडला आणि पाइपाशी बसलेल्या माणसाचा हात कोपरापर्यंत भाजला. चाळीस मिनिटांचा जबाब, तोही बॉयलरच्याच खोलीत घेतलेला. मागे पंपाचं अखंड घुंऽऽ. मी टाइप केलं: 'मी व्हॉल्व्ह उघडला. आरडाओरडा ऐकून धावत आलो आणि बंद केला.' मनात म्हटलंसुद्धा, माणूस सरळ आहे, आढेवेढे न घेता कबूल करतोय.

शुक्रवारी दुपारी तो सही करायला आला. पन्नाशीचा, धुवून धुवून पांढरा पडलेला शर्ट गळ्यापर्यंत बटण लावून. ओळीखाली बोट धरून वाचत गेला आणि दुसऱ्या पानावर बोट थांबलं.

"बाई, हे माझं नाही."

"नाव तुमचंच आहे."

"नाव माझं आहे. बोलणं माझं नाही. मी व्हॉल्व्ह उघडला असं मी कशाला म्हणेन?"

साहेब आतून आले. त्यांना असल्या वेळी बरोबर ऐकू येतं. "हे पाहा, या बाईंची बावीस वर्षांत एक चूक नाही. बोलताना बोलून जातो माणूस, मग कागद बघून घाबरतो. चार वाजता हे वर जायचंय. सही करा."

आणि मी काय केलं? मी मान ताठ केली. "दादा," मी म्हटलं, "मी कानावर पडतं तेच लिहिते. पदरचं एक अक्षर घालत नाही."

हे अगदी खरं होतं. घातलं नव्हतं. त्या वाक्याची आठवण झाली की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि ती दुसऱ्या कुणावर काढायची सोयही नाही.

साहेब आत गेले. तो तसाच उभा राहिला, मग माझ्याकडे न बघता बोलू लागला. "नोकरी जाईल तर जाऊ दे. पण ज्याचा हात भाजला तो माझा मेव्हणा आहे, बाई. धाकट्या बहिणीचा नवरा. मी तिला म्हटलं, कागद येऊ दे, मी काय बोललो ते सगळं त्यात असेल, तूच वाच. आता हा कागद वाचेल ती. आधीच माझं तोंड बघत..."

त्याची मान खाली गेली होती. मला 'बघत' ऐकू आलं, आणि त्याच्या गळ्याच्या बटणाशी काहीतरी पुटपुटल्यासारखं झालं.

"काय म्हणालात?"

"बघत नै, म्हटलं."

नै. ते त्याच्या तोंडातून बाहेर पडतच नव्हतं. आपल्या बोलण्याचं हे असंच आहे; सगळं वाक्य बोलून होतं, श्वास संपत येतो, आणि मग शेवटी, उंबऱ्यावर, 'नाही' येतं. ते गेलं तरी मागे उरलेलं वाक्य लंगडत नाही. पुरं दिसतं. फक्त उलटं असतं.

पाय तुझा आहे, हे म्हणाले होते.

"बसा," मी म्हटलं. "सही करू नका. खुर्ची घ्या."

ड्रॉवरमधून रेकॉर्डर काढला आणि त्यात भराभर एक ते वीस आकडे म्हटले. तुडतुडीने एका कानावरचा हेडफोन सरकवून विचारलं, "काय गं, लपाछपी खेळतेयस?" ते रेकॉर्डिंग मशीनवर चढवलं, काळे हेडफोन घातले, पॅडल दाबलं. एक, दोन, तीन, चार. पाय उचलला. पुन्हा दाबला. सहा, सात, आठ.

पाच नव्हता. पुन्हा केलं. नऊवर थांबले, दहा गेला. मी पाय उचलायचे तोवर मशीन पुढे गेलेलं असायचं, आणि मधलं तेवढं हवेतच विरायचं. वाक्याच्या मध्ये गेलं तर वाक्य अडखळतं, मी मागे जाऊन ऐकते. शेवटी गेलं तर कशाला मागे जाईन? वाक्य तर पुरं झालेलं.

मी उठले. खोका साहेबांच्या दाराबाहेर भंगारवाल्याची वाट बघत पडला होता. वायरींचा नुसता गुंता. त्यात हात घालून हिरवा दोरा शोधला आणि हिसडून बाहेर काढला. हेडफोनांबरोबर आलेल्या नव्या मशीनला वायर खुपसायला भोकच नाही, म्हणून कपाटाखालचं जुनं मशीन ओढून काढलं आणि धुळीसकट टेबलावर आदळलं.

बॉयलरवाल्याचं रेकॉर्डिंग त्यावर चढवलं, पॅडल दाबलं. पत्र्याचा आवाज. पंप बारीक, दूर, एका कडेला. आणि मध्ये त्याचा आवाज, थकलेला: "मी व्हॉल्व्ह उघडला नै."

मी पुन्हा ऐकलं. मग तो इअरफोन तसाच गळ्यात ठेवून साहेबांच्या खोलीत गेले आणि दार वाजवायचं विसरले. खरं सांगायचं तर विसरले नव्हते.

"साहेब, जबाब चुकलाय. माझ्याकडून. उघडला नाही, असं म्हणतोय तो."

साहेबांनी आपले हेडफोन चढवून ते रेकॉर्डिंग लावलं. या वेळी कुणी पाय उचलणार नव्हतं, त्यामुळे 'नै' कानात यायला हवं होतं. पण त्या गोड हेडफोनांत पंप नुसता घुमत होता. माझ्यापर्यंत ऐकू येईल असा.

"घूं घूं आहे," साहेब म्हणाले. "नाही कुठे आहे? ऐकू येत नाही."

"तेच सांगतेय. 'नाही'च ऐकू येत नाही."

"बाई, शब्दांचे खेळ नकोत."

"शब्दांचेच पगार आहेत आपले, साहेब. हा घाला कानात." मी हिरवा दोरा पुढे केला.

त्यांनी हात मागे घेतला. "हे पाहा, हेडफोन माझ्या शिफारशीने आलेत. आता वर जाऊन सांगू, की हे माणसांना गुन्हेगार करतात म्हणून?"

"सांगा."

"आणि तुमचं नाव? चूक तुमच्या नावावर लागेल. बावीस वर्षांची शोभा करून घ्यायचीय?"

तोवर मी बरीच सावरलेली होते. त्या वाक्याने माझा तोल गेला. "त्या बावीस वर्षांचा तुम्ही आत्ता दंडुका केलात, साहेब! त्या माणसाच्या डोक्यात घालायला. माझंच नाव, माझ्यादेखत. आणि मी वर मान ताठ केली. लागू दे नावावर. चिकटवून लावा." माझा आवाज बाहेर तुडतुडीपर्यंत गेला असणार, कारण टाइपिंग थांबलं.

चार वाजायला वीस मिनिटं होती. जुनं मशीन कमरेवर घेऊन मी जिना चढले. मागून साहेब, "बाई, बाई" करत. वरच्या मजल्यावर म्हातारे चौकशी अधिकारी डबीतून चष्मा काढत होते.

"हे काय, यंत्र घेऊन कुठे?"

"दोन मिनिटं ऐका, साहेब. एक कान तुमचा, एक यांचा."

वायर आखूड. दोघांना डोकी जवळ आणावी लागली, गालाला गाल लागेल इतकी. साहेबांच्या अत्तराचा वास त्या म्हाताऱ्याला आला असेल तर त्याने तो सोसला. मी गुडघे टेकून पॅडल हाताने दाबलं.

"पुन्हा," अधिकारी म्हणाले.

पुन्हा लावलं.

"नै म्हणतोय," ते म्हणाले. मग साहेबांकडे, एका विताच्या अंतरावरून बघत, "तुम्हाला काय ऐकू आलं?"

साहेबांनी डोळे मिटले. "नै," म्हणाले. अगदी हळू.

दुरुस्तीचं पत्र साहेबांनीच सांगितलं: 'टंकलेखिकेच्या दुर्लक्षामुळे.' मी 'दुर्लक्षामुळे' खोडलं आणि लिहिलं, 'नव्या हेडफोनमध्ये वाक्याचा शेवट ऐकू न आल्यामुळे, आणि तक्रार आल्यावरही टंकलेखिकेने लगेच न तपासल्यामुळे.' साहेब म्हणाले, पहिला अर्धा काढा. अधिकारी म्हणाले, राहू द्या. मी सही केली.

बॉयलरवाल्याने नवा कागद वाचला. बोट दुसऱ्या पानावर आलं, 'नाही'पाशी थांबलं, आणि बराच वेळ तिथेच राहिलं. सही करून एक प्रत घडी घालून खिशात ठेवली.

"बाई, एवढा एक शब्द जरा ठळक नै का करता येणार? ती घाईत वाचते."

"नाही येत तसं करता," मी म्हटलं. "तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा. शेवटपर्यंत."

तो गेल्यावर मी नोंदवही काढली. सोमवारपासून शुक्रवार, दोन टेबलं, एकतीस जबाब. सतरा तुडतुडीचे, चौदा माझे.

"आता आणि काय?" साहेब दारात उभे. "बाकी कुणाची तक्रार आलीय का?"

"कशी येईल? ते सह्या करून गेलेत. आपल्यावर विश्वास ठेवून."

"झालं ते झालं, बाई. कानाडोळा करा."

"कानाडोळा पाच दिवस केलाच की, साहेब. आता फक्त पाय उरलाय."

ते काही तरी बोलले. मी पाठ फिरवली होती. तुडतुडी खुर्ची ओढत माझ्या टेबलाशी आली. पाच दिवसांत पहिल्यांदाच तिच्या कानावर काही नव्हतं. चेहरा उतरलेला.

"माझ्यापासून लाव," ती म्हणाली. "मी तर तुझ्यापेक्षा भरभर पाय उचलते."

"चांगला कान घे. डावा मी घेते, तो मधेच जातो."

तिने कानात घातला. वायरीमुळे तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला. पहिला जबाब एका दवाखान्यातल्या आयाबाईचा. लागोपाठ दुसऱ्या पाळीत काम करताना ती चक्कर येऊन पडली आणि तिची कंबर मोडली होती. तुडतुडीने टाइप केलेला कागद आम्ही समोर ठेवला आणि बोट धरून ओळीमागून ओळ ऐकत गेलो. अकराव्या मिनिटाला कुणीतरी तिला विचारलं, दुसऱ्या पाळीला तुम्ही स्वतःहून थांबलात का? कागदावर उत्तर होतं: 'मी हो म्हटलं.'

बाईचा आवाज बारीक, बसलेला. "मी हो म्हटलं..."

तुडतुडीने माझं मनगट घट्ट धरलं.

मी पाय उचलला नाही.