हुकावरची ओढ

अपघाताच्या अहवालातली एकच ओळ दाखवायला मला कारखान्यात बोलावलं होतं: "कामगाराने दोर चुकीचा बांधल्यामुळे हूक तुटला." खाली 'मान्य' म्हणून मी सही करायची होती. कामगार म्हणजे माझे बाबा. एकतीस वर्षं त्यांनी जड यंत्रं उचलून जागेवर बसवली. त्यांना जाऊन बावीस दिवस झाले होते.

"मोटर चारशे किलोची, छतातला हूक पाचशेचा," मॅनेजर म्हणाले. "मग हूक तुटेलच कसा? ताई, तुम्ही तर शाळेत विज्ञान शिकवता."

बाबांचे जोडीदार वेल्डरकाका दाराशी उभे होते. मान खाली.

"मोटर उचलली कशी?" मी विचारलं.

"हुकाला कप्पी टांगली, दोर तिच्यावरून घेतला, जमिनीवरच्या विंचने गुंडाळत ओढला. साधं काम. त्यात काय?"

त्यातच होतं. सकाळच्या तासाला वापरलेला शाळेचा ताणकाटा मी पिशवीतून काढून खिडकीच्या गजाला अडकवला आणि त्याला एक किलोचं वजन लावलं. "वाचा."

"एक. हा काय पोरखेळ आहे?"

वजन काढून मी काट्याला प्लास्टिकची हलकी कप्पी लावली. तिच्यावरून दोरी घेतली, एका टोकाला तेच वजन बांधलं आणि दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. "खाली ओढून धरा. वजन लोंबकळत राहू दे. आता वाचा."

त्यांनी आकडा ओठांतच पुटपुटला.

"मोठ्याने."

"दोन."

"वजन एका बाजूने ओढतं. ते पडू नये म्हणून तुम्ही दुसऱ्या बाजूने तेवढंच ओढता. वरच्या आधाराला दोन्ही ओढी सोसाव्या लागतात. सातवीतल्या मुली हे पाच मिनिटांत समजून घेतात. तुमच्या हुकावर आठशे किलो होते."

"एवढं कळत होतं तर त्यांनी बोलायचं होतं!"

"बोलला होता की," वेल्डरकाका दारातूनच म्हणाले. "दोनदा. 'साहेब, हा हूक दोन्हीकडची ओढ घेणार नाही, हजाराचा आणा.' तुम्ही काय म्हणालात? 'चौथी पास माणसाने मला गणित शिकवू नये.' सगळे हसले. मीही हसलो, पोरी."

ते वजन खिडकीच्या काचेवर भिरकावून द्यावंसं वाटलं. मॅनेजरांचा राग आला, काकांचा आला, आणि सगळ्यांत जास्त बाबांचा. घरी साधी खुर्ची डुगडुगली तरी कुणाला बसू न देणारा माणूस, चारचौघांत हसं झालं म्हणून निमूटपणे त्या हुकाखाली जाऊन उभा राहिला.

अहवालातली ती ओळ मी खोडली. खाली लिहिलं: "हूक कमी ताकदीचा होता. कामगाराने आधी बजावलं होतं."

"हे असं परस्पर बदलता येत नाही," मॅनेजर म्हणाले. दोरी अजून त्यांच्या मुठीत होती. "आणि याला साक्षीदार कोण?"

वेल्डरकाका पुढे आले. साहेबांच्या खिशाला लावलेलं पेन त्यांनी न विचारता काढून घेतलं, टेबलावर वाकले आणि माझ्या ओळीखाली, एकेक अक्षर जुळवत, आपलं पूर्ण नाव लिहू लागले.

"नोकरीचा विचार करा," मॅनेजर म्हणाले.

काकांनी मान वर केली नाही.