फेटाळलेला अर्ज

इंटरनेटवरचा अपायकारक मजकूर अडवण्याचा कायदा आला तेव्हा आमच्या खात्यात त्याच्या बाजूने सगळ्यांत जास्त मी बोलले होते. त्याला कारण होतं. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना शाळेसाठी घोड्याचं चित्र शोधायला बसली आणि भलतंच काहीतरी पाहून उठली. पुढे महिनाभर ती एकटी झोपली नाही. त्यामुळे जाहीर सुनावणीत एक ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "यंत्राला शब्द कळतो, शब्दामागचा माणूस कळत नाही," तेव्हा मला त्यांचा रागच आला. मी उठून सांगितलं, "एखादं चांगलं पान चुकून अडलंच, तर अर्ज करता येईल. आम्ही माणसंच बसलोय ना इथे." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कायदा झाला. ज्या शब्दांवरून पानं अडवायची, त्यांची पहिली यादी आमच्या विभागाने केली, खाली सही माझी. त्या यादीत 'दारू' हा शब्द होता. त्यावर कुणी दोन मिनिटंसुद्धा घालवली नाहीत.

माझा थोरला भाऊ सुतार. आईच्या माघारी त्यानेच मला शिकवलं. मधली काही वर्षं तो दारूत पार बुडाला होता. मग एक दिवस त्याने सोडली, ती चार वर्षं तोंडाला लावली नाही. कशी सोडली, हे मी विचारलं नाही. आमच्या घरात असले विषय कुणी काढत नाही, त्याला बरं वाटतंय एवढ्यावर मी खूश होते. दुपारी चहा घेताना तो फोनमध्ये डोकं घालून बसायचा. मला वाटायचं, बातम्या वाचतोय.

यादी लागू होऊन सहा आठवडे झाले असतील. वहिनीचा ऑफिसात फोन आला. "जमलं तर येऊन जा," एवढंच म्हणाली. आवाजावरूनच मी ओळखलं.

दादा कारखान्यातच होता. रंधा बाजूला पडलेला, भुशात पाय पसरून भिंतीला टेकून बसलेला. भर दुपारी वास येत होता. मला पाहून त्याने मान खाली घातली.

"कधीपासून?" मी वहिनीला विचारलं.

"त्यांचं ते फोनमधलं बंद झालं ना, त्यानंतर आठेक दिवसांनी."

वहिनीने सगळं सांगितलं तेव्हा मला कळलं. एका निवृत्त नर्सबाईंनी चालवलेलं ते पान होतं. दारू सोडलेली तीस-पस्तीस माणसं तिथे रोज चार ओळी लिहायची. आज जमलं. आज जीव कासावीस झाला. आज मुलाच्या लग्नात सरबतावर भागवलं. चार वर्षांत दादाचा एक दिवस चुकला नव्हता. मग एका सकाळी तिथे लाल अक्षरं आली, हा मजकूर समाजाला अपायकारक असल्याने अडवला आहे.

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं.

"सरकारने बंद केलं म्हणजे तसंच काही असेल, असं वाटलं." तो जड जिभेने सावकाश बोलत होता. "म्हटलं, आपण नेमके कुठल्या लोकांत जाऊन बसत होतो? आणि तुझी नोकरी तिथली. तुझ्या मागे कशाला लचांड लावायचं, ठमे?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी अर्जांचा गठ्ठा काढला. नर्सबाईंचा अर्ज मिळाला. स्वच्छ अक्षरात लिहिलेलं दीड पान. इथे दारू विकत नाही, सोडवतो, असं त्यांनी समजावून सांगितलं होतं. त्यावर शेरा होता, 'यादीतील शब्द आढळतो. अर्ज फेटाळला.' खाली माझी आद्याक्षरं. त्या दिवशी मी ऐंशी अर्ज हातावेगळे केले होते आणि साहेबांनी कौतुक केलं होतं. हा अर्ज मी वाचलासुद्धा नव्हता.

मी साहेबांकडे गेले, चूक माझी आहे असं लिहून दिलं. ते म्हणाले, "एवढं मनाला लावून घेऊ नका. होतं असं." समितीची बैठक, मग वरची मंजुरी, असं करत पान उघडायला एकोणीस दिवस गेले. नर्सबाईंना मी स्वतः फोन केला. त्यांनी आभार मानले, ते ऐकवत नव्हतं. मग म्हणाल्या, "अकरा जण परत आलेत. बाकीच्यांचे पत्ते माझ्याकडे नाहीत हो. आमच्यात कुणी खरं नाव लावत नाही."

ते बाकीचे कुठे असतील, हा विचार मला कपडे वाळत घालतानाही गाठतो.

दादाला सांगायला मला आणखी आठवडा लागला. तो टेबलाचे पाय घासत होता. माझं बोलून होईस्तोवर त्याने पॉलिश पेपर खाली ठेवला नाही.

"तुला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर कळलं असतं."

"हो," तो म्हणाला. "ते मात्र खरं." आणि पुन्हा घासायला लागला.

माझ्यावर तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. पानावर मात्र त्याने परत काही लिहिलं नाही. सुरुवातीपासून एक, दोन, तीन असे दिवस मोजायची लाज वाटते म्हणाला.

यादीतून 'दारू' काढायची की नाही, यावर खात्यात अजून वाद चालू आहे. मी काढा म्हणते. टाळ्या कुणी वाजवत नाही. मुलगी आता मोठी झालीय, तिने एकदा विचारलं, "मग मला जे दिसलं ते दिसू द्यायचं होतं का?"

वहिनीने शेजारच्या गावातली एक जागा शोधून काढली, तिथे अशी माणसं रविवारी समोरासमोर बसतात. बसने दीड तास लागतो. दादा एकटा जायला तयार नव्हता, म्हणून मी त्याच्याबरोबर जाते. तो आत जातो, मी बाहेरच्या बाकावर बसते. तीन रविवार झाले. मागच्या खेपेला परतीच्या बसमध्ये तो आपणहून म्हणाला, "आज मी बोललो थोडं." काय बोललास, असं मी विचारलं. अर्धा रस्ता तो सांगत होता. मी एकदाही मध्ये बोलले नाही.