पॅलेडियम धरणारे हात

काळी भुकटी दिसली की सुधारानीला जेवण जात नसे. हुमनाबादजवळच्या एका कारखान्यात ती एका रेणूवर दोन वर्षं डोकं फोडत होती. त्याचं काम सांगायला सोपं: दोन हातांनी पॅलेडियम या धातूचा एक अणू धरायचा. मग तो अणू कार्बन मोनॉक्साइडसारख्या विषारी वायूलाही दुसऱ्या पदार्थांशी जोडून कामाचं रसायन करून देतो. पण हात सैल पडले की धातू निसटून काळी भुकटी होई, आणि आवळले की वायूला शिरायला जागा उरत नसे. तिचे साहेब महेशकुमार यांनी आता एकच संधी दिली होती. ती फुकट गेली तर काम बंद.

सुट्टीला ती आळंदला आईकडे गेली. संगणकावर ढीगभर आकृत्या काढूनही हातात धरून पाहिल्याशिवाय सुधारानीबाईंचा विश्वास बसत नसे. जोंधळ्याचा धांडा सोलून तिनं आतल्या मऊ भेंडाचे अणू केले आणि वरच्या सालीच्या चिपाडांचे हात. पण घाईत धांडा घेतला ओला! खेळातली बैलगाडी करणारं शेंबडं पोरही ही चूक करत नाही. दुपारपर्यंत उन्हात चिपाडं वळली आणि हात फाकले.

"मोडलं की गं ते," आई ईरम्मा म्हणाली. "चुलीत घालू का?"

"न्हाई अव्वा, हात लावू नगंस!"

"कामून गं?"

सुधारानी बघतच राहिली. भेंडाचा धातू दोन्ही हातांत घट्ट होता, आणि समोर वायूला ऐसपैस जागा झाली होती. म्हणजे हात आवळायचे नव्हतेच! लांब करून रुंद धरायचे, आणि धातू निसटू नये म्हणून टोकांना अणूंचे जाडजूड गट बसवायचे.

हवा लागू न देता तो रेणू तयार करण्यात अख्खा उन्हाळा गेला. चाचणीला तो बंद भांड्यात घालून वर वायू भरला. दाबाचा काटा ढिम्म. वायू खपत असता तर तो उतरायला हवा होता. मग काटा भराभर खाली आला.

"गळायलंय काय बघा!" महेशकुमार ओरडले.

गळतीचा भोंगा गप्प होता. वायू आतच खपत होता. पुन्हा भरला, पुन्हा काटा उतरला. शेवटी तिनं काचेच्या नळीत नमुना काढला. पिवळा, नितळ, काळा कण औषधालाही नाही.

डोळ्यांना न दिसणारे असंख्य हात एकेक अणू धरून बसले होते. वायू घेत होते, जोडून सोडत होते, पुन्हा घेत होते. असे हात तिनं घडवले होते, आणि तिचाच विश्वास बसत नव्हता. डोळे भरून आले.

"मॅडम, मोठ्या भांड्यात कधी घ्यायचं?" महेशकुमारांनी विचारलं.

"घेऊ की सर," ती नळीवरची नजर न काढता म्हणाली. "आधी मला जरा बघू द्या."