धनगरवाडा : निरंक

मी काटा बोलतोय. पोरं तोलायचा. गोल तोंड, खाली आकडा, आकड्याला कापडी झोळी. लोक म्हणत्यात, काटा मारला. डोकं फिरतंय माझं. काटा कवा कुणाला मारत न्हाय, मारतंय ते माणूस.

चंदगडाच्या डोंगराकडं एका गावात अंगणवाडीच्या तुळईला मला टांगला, त्याला अकरा वर्सं झाली. म्हयन्यातनं एकदा बाया पोरं घिऊन यायच्या. पोरं झोळीत बसली की बोंबलायची, आन निम्मी माझ्या झोळीतच मुतायची. म्हाताऱ्या दारातनं वरडायच्या, "वजन मोठ्यानं सांगू नगंस गं, नजर लागंल." मग अंगणवाडीची निशिगंधा बाई आईच्या कानात सांगायची आन वहीत लिवायची. बाई कामाला चोख. उन्हातान्हाची घरोघर फिरायची. आधी सांगून ठेवतो, कारण पुढं तिचा तुमाला राग येणार हाय. मला बी येतोय.

गावाला पाच वाड्या. चार खाली, हाकंच्या अंतरावर. पाचवा धनगरवाडा, वर, दीड तासाची चढण, आन मधी ओढा. पावसाळ्यात ओढा वाट देत न्हाय. त्या लोकांच्या म्हशी हायती. दूध समदं खाली गावात येतंय. गावची पोरं त्या दुधावर गुबगुबीत, आन ज्यांच्या म्हशी त्यांची पोरं काटकी. कुणाला त्यात काय वावगं वाटत न्हाय.

निशिगंधा सुरवातीला दोनदा वर गेलती. मग गुडघं दुखाया लागलं, मग पाऊस, मग दुसरी कामं. म्हयन्याच्या अहवालात धनगरवाड्याचा रकाना तर भरायलाच लागायचा. कोरा ठिवला की अहवाल माघारी. तिच्या आधीच्या बाईनं तिला शिकवलं व्हतं, जिथं लिवायला काय न्हाय तिथं निरंक लिवायचं. हिनं लिवलं. धनगरवाडा : निरंक. दर म्हयन्याला, झोकात, खाली रेघ मारून.

वर हापिसात निरंक म्हंजे शून्य. शून्य म्हंजे कुपोषित पोर एक बी न्हाय. गाव तालुक्यात पयलं आलं. निशिगंधाला नारळ आन शाल मिळाली.

परवाच्या आखाडात सयाजी धनगर छातीएवढ्या पाण्यातनं ओढा उतरून आला. घोंगड्यात पोरगी. जनाई तिचं नाव, सात म्हयन्याची. तिला झोळीत ठिवली, तर मला वाटलं आजून ठिवलीच न्हाय. रडली बी न्हाय. काटा चार किलो शंभरावर थांबला. त्या वयाला सात तरी पायजे.

"कमी हाय व्हय?" सयाजीनं इचारलं.

"लई कमी हाय, भाऊ. आधी का आणली न्हाईसा?"

"तुमी वर का आला न्हाईसा?"

बाईनं पोरगी झोळीतनं उचलून घेतली.

"आन माझी एकटीच समजू नगा. आजून चार-पाच हायती अशी."

तिनं तिथनंच तालुक्याच्या हापिसातल्या मॅडमला फोन लावला. गावात आहार केंद्र उघडा म्हणाली, म्हंजे असल्या पोरांना थोडं थोडं करून दिवसभर खास खाणं घालता येतंय. फोनचा आवाज मोठा व्हता, मला समदं ऐकू आलं.

"बाई, तुमच्या गावात एक बी कुपोषित दिसत न्हाय. सत्कार घेतलासा की तुमी."

"धनगरवाड्यातली हाय ओ मॅडम."

"धनगरवाडा तर निरंक हाय. असं करा, या म्हयन्यात आकडा घाला, पुढच्या म्हयन्यात मंजूर हुईल."

तालुक्याच्या दवाखान्यात न्यावी, तर रस्त्यावर दोन जागी पाणी, यष्टी बंद. सयाजी अंगणवाडीतनं मिळालेला पिठाचा पुडा काखंत मारून, पोरगी घोंगड्यात घिऊन चढून गेला. पुढचा म्हयना जनाईनं बघितला न्हाय. एकोणीस दिवसांनी गेली.

गणपती झाल्यावर कोल्हापुरास्नं आदिती मॅडम आल्या, अंगणवाडीच्या बायांना आकडं वाचाय शिकवायला. बाया कुजबुजल्या, "आता आकडं बी शिकायचं व्हय? लिवतोय की आमी." मॅडमनी फळ्यावर पाच उभ्या रेघा मारल्या.

"गावाची बेरीज करून मोकळं व्हायचं नाही," म्हणाल्या. "वाडीवाडीचं वेगळं काढा. चार वाड्या चांगल्या असल्या की पाचवी त्यात दिसेनाशी होते." मग निशिगंधाची वही बघून थांबल्या. "ताई, हे निरंक म्हणजे?"

"म्हंजे मी गेली न्हवती. लिवायला काय न्हवतं."

"वर ऑफिसात असं वाचलं, की तुम्ही गेलात, सगळी मुलं तोलली, आणि एकही कमी भरलं नाही."

निशिगंधानं पानं मागं मागं चाळली. सत्तावीस म्हयने. "मी तसं लिवलं न्हवतं ओ," म्हणाली.

दुसऱ्या दिशी मला पिशवीत घालून ती वर चढली. सयाजी गोठ्यात व्हता.

"या बाई. काट्याला सवड मिळाली व्हय आता?"

पर त्यानंच मला गोठ्याच्या आढ्याला बांधला. चौदा पोरं तोलली. सहा लाल निघाली, म्हंजे लईच कमी वजनाची. निशिगंधा मोबाईलात एकेकाचं नाव-वजन घालत व्हती. शेवटाला सयाजी म्हणला, "माझ्या जनाईचं बी घाला. ह्याच काट्यावर तोलली व्हती तुमी."

तिनं घालून बघितलं. मोबाईल घिईना. पोरीचं नावच कवा चढलं न्हवतं, तर मेल्याचं कुठं चढवायचं? जी जल्मलीच न्हाय ती मेली कशी, असा त्याचा हिशेब. मग तिनं वहीचं पान फाडून त्याच्यावर लिवलं, जनाई सयाजी, सात म्हयने, चार किलो शंभर.

"ह्यो कागद कुठं जातोय?" सयाजीनं इचारलं.

"कुठंच न्हाय," ती म्हणाली.

त्यानं कागद मागून घेतला आन मुंडाशात खोचला.

आता केंद्र उघडलंय. सहातली चार पोरं अंगानं भरत्यात, दोन आजून भरंनात. निशिगंधा म्हयन्याला वर जातीया, गुडघं चोळत. मला मातर सुट्टी. नवा लाईटचा काटा आलाय. माझी स्प्रिंग सैल झाली, झोळी रिकामी असली तरी काटा शून्यावर येत न्हाय. माझं नाव निर्लेखनाच्या यादीत हाय, म्हंजे भंगारात. जाऊ द्या, माझं काय न्हाय.

तुमच्या गावाचा आकडा चांगला आला, शाल-नारळ आला, की फकस्त येवढं इचारा, पावणं, कोणच्या वाडीला कोण गेलंच न्हवतं. दोन शिव्या खाव्या लागल्या तरी इचारा. आन मग कुणीतरी काटा खांद्यावर टाकून वर जावा.