पोदोल्स्कची शिलाई मशीन

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. काळी, हाताने फिरवायची, अंगावर सोनेरी रशियन अक्षरं मिरवणारी. आज मी जर्सी सिटीत एकविसाव्या मजल्यावर राहते, पण माझा जन्म मॉस्कोजवळच्या पोदोल्स्कचा. तेव्हा तिथे झारचं राज्य होतं आणि कारखाना मात्र अमेरिकन कंपनीचा!

१९१२ साली अंतोनिना नावाच्या तरुणीने मला घरी नेलं. मॉस्कोतल्या बायका तिच्याकडे झगे शिवायला येत आणि माझ्या टाक्याचं कौतुक करत. पाच वर्षांनी क्रांती झाली. झार गेला, कारखाना सरकारजमा झाला. शब्दाच्या शेवटी एक मुकं अक्षर लावायची पद्धतसुद्धा रद्द झाली. माझ्या अंगावर ते अजून आहे.

त्या अक्षरामुळेच उत्तरा माझ्याकडे वळली. उत्तरा अकरा वर्षांची, शेजारच्या नीलांबरीची मुलगी. शाळेच्या प्रोजेक्टसाठी ती अंतोनिनाच्या नातीला, वृद्ध गालिनाला, भेटायला आली होती.

"मिस गालिना, माझ्या ट्रान्सलेशन ॲपमध्ये या शब्दाच्या शेवटी हे लेटर नाहीये!"

गालिना हसली आणि बोलू लागली. दोघी इंग्रजीत बोलत होत्या, पण गोष्ट माझीच होती.

१९३० साली खासगी शिवणकाम बंद झालं. हुकूम आला, मशीन शिंप्यांच्या सरकारी संघात जमा करा. अंतोनिनाने माझं शटल, म्हणजे खालचा दोरा धरणारा होडीसारखा तुकडा, काढून पिठाच्या डब्यात लपवलं. "मोडकी आहे," ती म्हणाली. सरकारी माणसं मला तशीच सोडून गेली. किती वर्षं मी मुकी होते! मग युद्ध आलं. तेव्हा अंतोनिनाने शटल परत बसवलं आणि कुणी काही विचारलं नाही. मी सैनिकांचे जाडजूड कोट शिवले. पुढे दुकानांत कपडे असत, पण सगळे एकाच छापाचे. म्हणून इंजिनिअर झालेली गालिनाही घरी माझ्यावर फ्रॉक शिवायची. १९९१ नंतर तो सोव्हिएत देशच उरला नाही. पगार महिनोन्‌महिने येईना, तेव्हा आम्ही पडदे शिवले आणि तिने ते मेट्रो स्टेशनबाहेर उभं राहून विकले. मग ती मला घेऊन अमेरिकेत आली. इथे वीस वर्षं मी कपाटात होते.

"ते शटल लपवलेलं कुणालाच कळलं नाही?" उत्तराने विचारलं.

"शेजारच्या खोलीतल्या झोयाला कळलं होतं. एकाच घरात पाच कुटुंबं राहायची, स्वयंपाकघर एकच. तिने एक शब्द काढला असता, तर आजीचं घर गेलं असतं."

"मग ती का नाही बोलली?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"मला माहीत नाही," ती हळूच म्हणाली. "झोया माझ्या लग्नात नाचली होती गं. मी तिला कधी विचारलंच नाही."

त्याच महिन्यात गालिना दूरच्या चँडलर शहरात मुलाकडे कायमची राहायला निघाली. मला कचऱ्यात टाकायचं ठरलं होतं. उत्तरा आईला ओढतच घेऊन आली.

"अगं, आपल्याकडे उभं राहायला जागा नाही," नीलांबरी म्हणाली. तेवढ्यात गालिनाने सुईखाली कापड सरकवलं, उत्तराची बोटं माझ्या मुठीवर ठेवली आणि चाक फिरवलं. शिवण वाकडी आली, पण आली. नीलांबरीने ते कापड हातात घेऊन शिवण ओढून पाहिली. "डायनिंग टेबल सरकवून बघू," ती म्हणाली.

रविवारी सकाळी उत्तराने नागपूरला आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. "आजोबा, तुम्ही लहान असताना कशाची भीती वाटायची? I mean, खरंखरं सांगा." आजोबांनी चष्मा काढून पुसला आणि मग तासभर ते बोलत राहिले.

मित्रांनो, मला तेलाचे चार थेंब दिलेत की मी आणखी शंभर वर्षं चालेन. माणसांचं तसं नसतं. त्यांना आजच विचारा.