नकाशातली रेंज

रितो आल्तोच्या दरीतल्या निम्म्याअधिक माणसांना आयुष्यातली पहिली चापट दोमितिला त्रुहियोच्या हातची बसली होती. न्यू मेक्सिकोच्या त्या डोंगरांत इस्पितळ फार लांब, त्यामुळे बायकांची भिस्त सुइणीवर. दोमितिला परवानाधारक सुईण होती. अख्खी दरी तिला 'तिया' म्हणायची, मावशीच्या नात्याने.

तिचा सगळा कारभार मोबाइलवर चाले. कळा सुरू झाल्या की फोन, बाळ दूध ओढत नाही की फोन. वरच्या पठारावर 'मेसा सेल' नावाच्या लहानशा कंपनीचा टॉवर होता आणि पार दरीच्या टोकापर्यंत रेंज मिळायची.

मग मेसा सेल एका बड्या कंपनीने गिळली. आधी 'मोठ्या कुटुंबात स्वागत' असे मेसेज आले. पाठोपाठ गावातलं दुकान बंद झालं आणि मदतीच्या नंबरावर माणसाऐवजी यंत्र बोलायला लागलं. तरी फारशी कुरकुर झाली नाही, कारण पूर्वी शहरात पाऊल टाकताच मुका होणारा फोन आता तिथे झकास चालायचा. पण वसंतात एका सकाळी दरीतल्या फोनांवरच्या रेघा गेल्या, त्या गेल्याच. बड्या कंपनीचा हायवेजवळ स्वतःचा टॉवर होता. एवढ्या जवळ दोन टॉवर कशाला, म्हणून तिने पठारावरचा बंद करून टाकला होता.

दोमितिला बोटांवर दिवस मोजू लागली. दरीच्या टोकाला राहणाऱ्या ओदिलियाचे दिवस भरत आले होते, आणि ती पहिलटकरीण. तिचा नवरा सेल्सो म्हणाला, "तिया, काळजी नको. वेळ आली की मी ट्रक घेऊन येतो."

"आणि तू येईपर्यंत ती एकटी?"

सेल्सोने टोपी डोक्यावर पुढेमागे केली.

दोमितिला गाडी काढून हायवेवर गेली आणि कंपनीला फोन लावला. बऱ्याच वेळाने यंत्रामागून एक माणूस सापडला.

"मॅडम, तुमचा भाग नकाशात पूर्ण हिरवा दिसतोय. फोन बंद करून पुन्हा चालू करून बघा."

"पोरा, मी हायवेवर उभी आहे. घरून फोन लागला असता तर इथे धूळ खात कशाला उभी राहिले असते?"

त्याने तक्रार नोंदवली. दोमितिला दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही. तिच्या चिकाटीला कंटाळून म्हणा किंवा एखाद्याला खरंच कणव आली म्हणून म्हणा, तपासणीसाठी इंजिनिअर पाठवतो असं कंपनीने कबूल केलं.

आली ती केंड्रा ओल्सन नावाची तरुणी. दोमितिलाच्या घराच्या अलीकडेच तिची गाडी पाटाच्या कडेच्या चिखलात रुतली. मदतीला कोणाला बोलवावं म्हणून तिने फोन काढला, हवेत धरला, फिरवला आणि शेवटी चिखल तुडवत दारात येऊन उभी राहिली.

"तुमच्याकडे फोन लागतो का?"

"तेच बघायला तू आलीस ना?" दोमितिला म्हणाली. "ये, आधी बूट काढ. मटणाचा रस्सा गरम आहे."

केंड्रा खजील होऊन हसली. पण वाटी तोंडाला लागते न लागते तोच अंगणात सेल्सोचा ट्रक करकचून थांबला.

"तिया, पाणी गेलं तिचं. पहाटेपासून कळा होत्या, मला बोललीच नाही."

दोमितिलाने पिशवी उचलली. केंड्रा दारातच घुटमळली. "मी येऊ? मला यातलं काही कळत नाही, पण हात दोन आहेत."

"मग ते धू आणि चल."

ओदिलिया दात आवळून एकटीच खाटेचा कठडा धरून होती. दोमितिलाला बघून तिला रडू फुटलं. "आता रड खुशाल," दोमितिला म्हणाली, "फक्त मी सांगेन तेव्हा जोर लाव." पोर बाहेर आलं तेव्हा दुपार कलली होती. मुलगी. पण रडेना. अंग निळसर, हातपाय सैल.

"ॲम्ब्युलन्सला फोन लाव," दोमितिला सवयीने बोलून गेली.

केंड्राने नंबर दाबला. काहीच नाही. ती अंगणात धावली, कुंपणावर चढली, फोन डोक्यावर धरला. आत दोमितिला टॉवेलने बाळाची पाठ चोळत होती, इवल्या नाकातोंडावर मुखवटा बसवून रबरी फुग्याने श्वास भरत होती आणि पुटपुटत होती, "चल माझी बाय, उगाच भाव खाऊ नकोस." सेल्सो भिंतीला टेकून देवाची नावं घेत होता.

मग बारीकसा टाहो आला. नंतर चांगलाच मोठा.

केंड्रा कुंपणावरून उतरली आणि पायरीवर बसली. दोमितिला हात पुसत बाहेर आली, तेव्हा केंड्रा निघतानाच फोनवर उतरवून घेतलेल्या कंपनीच्या नकाशाकडे बघत होती. दरी त्यात हिरवीगार होती.

"हा नकाशा संगणकाने अंदाजाने काढलाय," ती म्हणाली. "हायवेचा टॉवर आणि दरी यांच्या मधला डोंगर त्याने धरलाच नाही. आणि मीही आजवर यावरच विश्वास ठेवत होते."

"आता काय करशील?"

"वरचा टॉवर अजून उभा आहे, नुसता बंद केलाय. चालू करायला सांगेन. ऐकलं नाही तर पुन्हा सांगेन. तुमच्यासारखं."

शेजाऱ्यांनी ट्रॅक्टर लावून तिची गाडी ओढून काढली. उन्हाळाभर ती कंपनीशी भांडली. मधे एकदा वरिष्ठांनाच रितो आल्तोला घेऊन आली आणि त्यांना घरी फोन लावायला सांगून गंमत बघत बसली. शेवटी पठारावर नवी यंत्रं चढली. आताची रेंज पूर्वीपेक्षा चांगली निघाली. दोमितिला गरज पडली तर बाळंतिणीच्या खाटेपाशी बसून शहरातल्या डॉक्टरीणबाईंना फोनवर बाळ दाखवू शकते, हे मेसा सेलच्या काळात कधी जमलं नव्हतं. पूर्वेकडच्या खिंडीतली दोन-चार घरं मात्र अजून मुकीच आहेत. त्यांच्यासाठी केंड्राचा पाठपुरावा चालू आहे.

शरद ऋतूत दोमितिला अंगणात मिरच्या भाजत होती तेव्हा फोन वाजला. ओदिलियाचं नाव बघून तिने मिरच्या तशाच सोडून तो उचलला.

"तिया, बाळ शिंकलं."

"ताप आहे?"

"नाही."

"दूध पिते?"

"पिते की. हसतेय. रेंज आहे, म्हणून केला."

दोमितिलाने कपाळावर हात मारला, शेगडीचा जाळ कमी केला आणि खुर्ची ओढून बसत म्हणाली, "बरं, सांग. किती वेळा शिंकलं?"