चिंचेकडची बाजू

“सांगून कुणाला पटायचं न्हाई, आन् पटलंच तर मी मिशी उतरवून ठेवीन,” असं म्हणत जोतीरामनं फाटकाला आडवी बांधलेली सुतळी सोडली. “आज दुपारी अर्जुना आला हुता. सेट खेळून गेला.”

फाटकाशी जमलेले सभासद हसत आत आले. विश्रामबागेतल्या या जुन्या टेनिस क्लबात जोतीराम मार्कर होता. जोडीदार न आलेल्या सभासदाबरोबर खेळायचं, नेट ताणायचं आणि तांबड्या मातीवर शेणाचं सारवण घालायचं, यात त्याचा जन्म गेला होता. उरलेल्या वेळात तो थापा मारायचा. अर्जुना हवालदारानं हाणलेला चेंडू मिरजेच्या गाडीच्या टपावर पडला आणि बेळगाव बघून दोन दिवसांनी त्याच गाडीनं परत आला, ही त्याची आवडती हकिगत. अर्जुना होता तोवर तोही शेजारी बसून मान डोलवायचा. तो जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

“जोतीरामकाका, आज थाप नको,” सेक्रेटरी धैर्यशील म्हणाला. “ठरावाला हात वर करायचेत आणि घरी जायचंय. उद्या सकाळी जेसीबी येणार.”

कोर्ट उखडून तिथं पिकलबॉल या नव्या खेळाची चार छोटी कोर्टं करायची होती. बहुतेकांचं ठरलेलंच होतं. अर्जुनाचं आजीव सभासदत्व त्याच्या बायकोकडे आलं होतं, म्हणून धैर्यशीलनं लीलाबाईंनाही आणून खुर्चीवर बसवलं होतं. त्या राहायच्या पलीकडच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. त्यांनी काही विचारलं नव्हतं. मांडीवरच्या पिशवीचा बंद तेवढा त्या बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

“टेनिस बघतंय कोण आता?” धैर्यशील म्हणाला. “पोरं मोबाइलवर शेवटचा पॉइंट बघतात, झालं. अजून दहा वर्षांनी तेवढंही नाही.”

“मी बघते,” साक्षी म्हणाली. “आणि खेळतेसुद्धा.” क्लबात रोज येणारी आता ती एकटीच उरली होती.

“तू एकटी गं. एकटीसाठी कोर्ट ठेवायचं का? आणि अर्जुनाकाका मोठे खेळाडू, मान्य. पलटणीत त्यांनी कप मिळवले, तेही मान्य. पण जमाना लाकडी रॅकेटीचा. आजच्या पोरांची सर्व्हिस त्यांना दिसली तरी असती का?”

“आन् आजच्या पोरांना त्याचा चेंडू उचलता आला असता का, त्ये इचार की,” जोतीराम म्हणाला. “तुमची पोरं चेंडू बडवत्यात. त्यो चेंडू ठेवायचा. या शेणावर त्याचा चेंडू उसळायचाच न्हाई, सापावानी सरकायचा. आपली बॅट वर, चेंडू खाली, आन् बघणारी हसत्यात!”

“मग मोठं कोण, काका?” साक्षीनं विचारलं. “तेव्हाचे का आताचे?”

जोतीराम याच प्रश्नाची वाट बघत होता. त्यानं टोपी मागं सरकवली.

“दोघांस्नी एका कोर्टावर उभं केल्याबिगर कळंल व्हय? त्येच आज केलं. तुझी ही हलकी कार्बनची रॅकेट माझ्या खोलीत हुती, ती मी घेतली. त्याच्या हातात त्याचीच लाकडी. म्हनलं, ये गड्या, आज निकालच लावू. लय खेळलो. पाच-पाच झाले आन् त्यो थांबला. म्हनला, जोत्या, दमलास तू. उद्या पुरा करू.” जोतीरामनं सगळ्यांकडे एकवार पाहून घेतलं. “आता उद्या तुमी हितं जेसीबी लावणार. त्याला मी काय सांगू?”

“अहो, काकूंसमोर तरी...” धैर्यशील पुटपुटला.

“खोटं वाटतंय? मग तिकडं बघा. चिंचेकडच्या चौकोनात. सारवण दुपारी वलं हुतं. त्याच्या सर्व्हिसी उमटल्यात.”

ऊन कलतं झालं होतं. पलीकडच्या टोकाला, चिंचेच्या सावलीबाहेर, शेणाच्या गुळगुळीत सारवणावर गोल ठसे खरोखरच दिसत होते. एका म्हाताऱ्या सभासदानं नकळत चपला काढल्या. मघापासून मोजणीसाठी अर्धवट वर धरलेला हात धैर्यशीलनं खाली घेतला आणि खिशात घातला.

जोतीरामनं आपली बोटं पाठीमागे नेऊन धोतराला पुसली. नखांत शेण अजून होतं. दुपारी चिंचेकडच्या छोट्या दारानं आत शिरून त्यानं तिथं हातानंच चेंडू दाबले होते आणि आल्या वाटेनं क्लबातल्या आपल्या खोलीत जाऊन तो पडला होता. थाप आजवर कधी कामाला आली नव्हती. आज येईल असं वाटत होतं.

“खोटं,” लीलाबाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. त्या खुर्चीवरून उठल्याही नाहीत.

“भावजी, तुमच्या थापा मी काय आज ऐकत न्हाई. पर ठशे तिकडं कशे उमटतील? दुपारी ह्ये चिंचेकडनंच सर्व्हिस करत्यात, ऊन पाठीला घिऊन. चेंडू पडत्यात हिकडं, फाटकाकडं.”

सगळ्यांचं लक्ष इतका वेळ लांब लागलं होतं. साक्षी फाटकाकडच्या चौकोनाच्या कडेला उभी होती. तिनं खाली पाहिलं आणि पाय मागे घेतला.

जोतीराम तिच्याजवळ गेला. सारवण घातल्यापासून तो या बाजूच्या चौकोनाकडे आलाच नव्हता. पांढऱ्या रेषेला चिकटून, ओळीनं, ठसे होते. त्यानं दाबले होते तसे खोल आणि गोल नव्हते. लांबट होते, चेंडू सरकत गेल्यासारखे.

तो वाकला, पण त्याला हात लावून बघवेना.

“वैनी,” त्यानं वाकूनच विचारलं, “तुमी कवा बघितलं?”

“गॅलरीतनं. रोजच बघते.” लीलाबाईंनी बोटाचा बंद सोडवला. “आन् सेट कसला खेळताय? तुमी तर खोलीत घोरत हुता. समोर कुणीबी नव्हतं, भावजी. ह्ये एक चेंडू मारत्यात, आन् उभं ऱ्हात्यात वाट बघत, परत येतोय का म्हनून.”